पश्मिना आणि याकची लव: महागड्या लोकरीचं पहिलं विणकाम

सुलट-उलट टाके येतात, एखादा मफलर किंवा बाळाची टोपी विणून झाली आहे, आणि आता लेहहून कोणीतरी आणून दिलेली पश्मिनाची लडी हातात आहे, किंवा तशी एखादी विकत घ्यावी असं मनात आहे. हा लेख तुमच्यासाठी आहे. सुई अजून धरलीच नसेल, तर आधी साध्या मेंढीच्या लोकरीवर महिनाभर हात बसवा. पश्मिना तोवर कुठे पळून जात नाही.

या धाग्यांबद्दल मी प्रत्येक शिकणाऱ्याला दोन गोष्टी सांगते. तो जनावराच्या अंगावरून कसा काढला हे कळल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि धागा जितका दुर्मीळ, तितकी वीण साधी ठेवा.

धागा ओळखून घ्या

कडाक्याच्या थंडीत राहणाऱ्या बऱ्याच जनावरांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. बाहेरचे लांब आणि राठ, ते वारा-बर्फ अडवतात. आतली कातडीलगतची लव बारीक आणि मऊ, ती ऊब धरून ठेवते. हिवाळ्याच्या तोंडावर ही लव दाटते आणि उन्हाळा लागला की सुटून गळायला लागते. पश्मिना म्हणजे चांगथांगी शेळीची ही आतली लव. लडाखच्या पूर्वेला चांगथांगचं पठार आहे, समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरच्याही वर. तिथे हिवाळ्यात पारा उणे तीसच्या खाली जातो. कोरझोक, खरनाक, सामद या भागांतले चांगपा पशुपालक या शेळ्या घेऊन चराईच्या मागे फिरतात.

लोकरीच्या तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. पश्मिनाचा तंतू साधारण १२ ते १५ मायक्रॉनचा असतो. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर तिशीच्या पुढची असते. तीस मायक्रॉनच्या वरचा तंतू कातडीवर वाकत नाही, तो टोचतो, म्हणून नवी घोंगडी उघड्या मानेला खुपते. याचा अर्थ दख्खनी लोकर हलक्या दर्जाची असा नाही. पावसात रानात उभ्या असलेल्या धनगराला पश्मिनाचा काडीचा उपयोग नाही, तिथे घोंगडीच लागते. प्रत्येक लोकरीचं आपापलं काम असतं, आणि पश्मिनाचं काम मान, डोकं, छाती अशा नाजूक जागी, वजन न घालता ऊब देणं हे आहे.

एका शेळीपासून वर्षाला सरासरी पाव किलोच्या आसपास कच्ची लव मिळते. त्यातले राठ केस, धूळ, कोंडा निवडून काढला की निम्म्याहून कमी उरते. म्हणजे आपण जो गळपट्टा विणणार आहोत, त्यात एका शेळीच्या अख्ख्या हिवाळ्याचा मोठा वाटा असतो. किंमत एवढी का, याचं उत्तर बरंचसं इथेच आहे.

याकच्या अंगावरही अशीच आतली लव असते. लडाखात तिला खुल्लू म्हणतात. ती पश्मिनापेक्षा थोडी जाड, साधारण १६ ते २० मायक्रॉनची, रंगाने मूळचीच गडद तपकिरी किंवा काळपट, आणि पुष्कळ स्वस्त. पहिल्यांदाच अशी लोकर घेत असाल तर माझं मत याकच्या बाजूने आहे. चूक झाली तरी मन धजावतं, आणि न रंगवलेला तो तपकिरी रंग कुठल्याही रंगाने साधता येत नाही.

परदेशात, विशेषतः कॅनडा-अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना आणखी एक धागा मिळू शकतो: कस्तुरी बैलाची लव, जिला किव्युट म्हणतात. अलास्कातल्या पामर गावी या प्राण्यांचं फार्म आहे. वसंतात लव सुटली की ती विंचरून घेतात. उमिंगमॅक ही तिथल्या मूळ रहिवासी स्त्रियांची सहकारी संस्था १९६९ पासून हीच लव विणते आहे, आणि बऱ्याच गावांची आपापली जाळीची वीण ठरलेली आहे. त्यांचा नाचाक नावाचा एक प्रकार म्हणजे सरळ विणलेली नळी. मानेवर घ्या नाहीतर डोक्यावर ओढा. आपण खाली जो नग विणणार आहोत तो त्याच जातीचा आहे. किव्युट आटत नाही, पण ताणून सोडलं की ते परत आवळतही नाही, हे लक्षात ठेवा.

व्हिकुन्या मात्र सध्या बाजूला ठेवा. अँडीज पर्वतातला हा उंटाचा लहानखुरा भाऊबंद गेल्या शतकात शिकारीने संपत आला होता. पेरूत १९६७ मध्ये पाम्पा गालेरास हे राखीव क्षेत्र झालं, पुढे आंतरराष्ट्रीय करार झाले, आणि आज गावकरी मिळून चाक्कू करतात, म्हणजे रानटी कळपाला माणसांच्या साखळीने हाकून एकत्र आणतात, लोकर कातरतात आणि जनावरं पुन्हा सोडून देतात. फार चांगलं काम आहे. पण त्याच्या धाग्याला कायदेशीर कागदपत्रं लागतात आणि नवख्या माणसाला खरं-खोटं कळणं कठीण.

विकत घेण्याआधी काय विचारायचं

दुकानदाराला पहिला प्रश्न: ही लव कोणत्या महिन्यात काढली?

प्रश्न साधा आहे, पण त्यात सगळं येतं. चांगथांगात शेळ्या विंचरण्याचा हंगाम साधारण मे ते जुलै. शेळीला आडवं करून पाय बांधतात आणि वाकड्या दातांच्या लोखंडी फणीने मानेकडून मागे विंचरत जातात. लव खरंच सुटलेली असेल तर ती राठ केसांमधून ढगासारखी वर येते आणि फणीत गोळा होते. जनावर थोडं कुरकुरतं, पण सोडल्यावर झटकून चालू लागतं. लव सुटायच्या आधीच घाई केली तर फणी मुळाला ओढते, कातडी लाल होते. उशीर केला तर निम्मी लव दगडांना आणि झुडपांना चिकटून वाया जाते. शेळीचं भलं आणि पशुपालकाचं भलं, दोन्ही त्याच थोड्या आठवड्यांत साधावं लागतं. ज्याला हे माहीत आहे तो विक्रेता महिना सांगतो, कदाचित गावही सांगतो. ‘बारा महिने ताजा माल मिळतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे जावं.

दुसरा प्रश्न: विंचरली की कातरली? कातरताना राठ केसही जातात, आणि चांगथांगात जूनच्या रात्रीही गारठ्याच्या असतात. विंचरलेल्या लवेत लांब तंतू जास्त मिळतात, त्यामुळे धागाही चांगला होतो.

तिसरा प्रश्न पैशाचा आहे आणि तो विचारायला लोक लाजतात. लाजू नका. सूत कोणी कातलं, त्यांना पैसे कसे मिळतात? लेहमध्ये चांगथांगच्या पश्मिना उत्पादकांची स्वतःची सहकारी संस्था आहे, ऑल चांगथांग पश्मिना ग्रोअर्स को-ऑपरेटिव्ह मार्केटिंग सोसायटी. कच्च्या लवेतून राठ केस वेगळे काढणारं यंत्रही लेहमध्ये आहे. लूम्स ऑफ लडाख ही स्त्रियांची सहकारी संस्था कताई, विणाई ते तयार कपडा असं सगळं तिथेच करते. पूर्वी लव कच्चीच बाहेर जायची आणि खरी कमाई दुसऱ्यांच्या हाती पडायची. मला हा मुद्दा प्राण्यांच्या मुद्द्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. खरनाकमधली बरीच कुटुंबं कळप सोडून लेहजवळ येऊन राहिली आहेत. शाळा, दवाखाना, हिवाळ्याची हलाखी, कारणं सगळी समजण्यासारखी आहेत. पण शेळ्या राखणारं माणूसच उरलं नाही, तर ही लव काढणार कोण?

काश्मीर पश्मिनाला २००८ मध्ये आणि लडाख पश्मिनाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०१९ मध्ये भारतीय मानक ब्युरोने पश्मिना ओळखण्याचं मानकही प्रसिद्ध केलं. ही चिन्हं दिसली तर चांगलंच, पण सुट्या धाग्याच्या लडीवर ती सहसा नसतात, म्हणून वरचे प्रश्न तोंडीच विचारावे लागतात.

काय घेऊ नये तेही स्पष्ट सांगते. शाहतूश कोणी कितीही कानात कुजबुजून दाखवला तरी हात लावू नका. तो चिरू नावाच्या तिबेटी हरणाचा असतो, आणि ही लव मिळवायला हरीण मारावंच लागतं. एका शालीसाठी तीन-चार जनावरं जातात. १९७९ पासून चिरूच्या मालाचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे आणि आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे. ‘आजीच्या पेटीतला जुना आहे’ हे कारण चालत नाही.

अंगोरा सशाच्या लोकरीबद्दल २०१३ मध्ये चीनमधली चित्रफीत बाहेर आली, त्यात जिवंत सशाचे केस उपटताना दिसत होते. त्यानंतर अनेक मोठ्या कंपन्यांनी अंगोरा घेणं थांबवलं. कुल्लू भागात अंगोरा ससे पाळतात, तिथे केस कातरून घेण्याची पद्धत आहे. तेव्हा अंगोरा घ्यायचाच असेल तर कातरलेला, आणि पाळणाऱ्याकडूनच. स्वस्त परदेशी कॅशमिअरचा, म्हणजे तिकडच्या शेळ्यांच्या अशाच आतल्या लवेचा, प्रश्न वेगळा. मंगोलियात १९९० नंतर शेळ्यांची संख्या भरमसाट वाढली आणि गवताळ कुरणं उघडी पडत गेली. शेळी मुळापासून चरते. कमी किमतीत पोतंभर कॅशमिअर मिळतं तेव्हा त्याची उरलेली किंमत कुरण मोजत असतं.

खरं की खोटं

तीनशे रुपयांची ‘प्युअर पश्मिना’ शाल म्हणजे व्हिस्कोस किंवा ॲक्रिलिक. अंगठीतून शाल ओढून दाखवणं ही निव्वळ जत्रेतली करामत. तलम रेशीम आणि व्हिस्कोसही अंगठीतून जातं.

घरी एक चाचणी करता येते. धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली ठेवा आणि टोक पेटवा. प्राण्याचा तंतू सावकाश जळतो, ज्योत काढली की बहुतेक विझतो, केस जळल्याचा वास येतो आणि जी काळी गाठ उरते ती थंड झाल्यावर बोटांत चुरली की भुकटी होते. ॲक्रिलिक वितळतं, गळतं आणि कडक मणी बनतो. व्हिस्कोस कागदासारखं भरभर जळतं. हे खिडकीजवळ, मुलांना दूर ठेवून करा. या चाचणीने मेंढीची लोकर आणि पश्मिना यांतला फरक मात्र कळत नाही, त्याला सूक्ष्मदर्शक लागतो. श्रीनगरच्या क्राफ्ट डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूटमध्ये पश्मिना तपासणीचं केंद्र आहे. पण एका लडीसाठी एवढा खटाटोप कोणी करत नाही, म्हणून विश्वासाचा विक्रेता हाच खरा उपाय.

विणकामासाठी धागा घेताना दोन पदरी किंवा तीन पदरी मागा. शालीसाठी कातलेलं एकपदरी सूत फार तलम असतं, सुईवर तुटतं. लडीचा एक धागा दोन बोटांत धरून हलकेच उलगडून पाहा. पदर लगेच वेगळे होऊन पसरले तर पीळ कमी आहे, असा कपडा लवकर गोळे धरतो. थोडा तगून राहिला तर घ्या. हाताने कातलेल्या सुतात कुठे जाड कुठे बारीक असणारच, तो दोष धरू नका.

आपल्या नगासाठी सुमारे २०० मीटर धागा पुरतो. वजन किती भरेल ते जाडीवर. बारीक दोन पदरी असेल तर २५ ग्रॅममध्येही एवढा धागा निघतो, जाड असेल तर ५० ग्रॅम लागतो. वजन विचारू नका, लांबी विचारा.

सुया, हात आणि गुंडा

४ मिलिमीटरच्या सुया घ्या. आपल्याकडच्या जुन्या क्रमांकात ती ८ नंबरची सुई. बांबूच्या किंवा लाकडाच्या असाव्यात. पश्मिना गुळगुळीत असते, स्टीलच्या सुईवरून टाके घरंगळतात. टोक फार अणकुचीदार नको, ते धाग्याच्या पदरांमध्ये घुसतं. सुईवरून बोट फिरवून पाहा. कुठे खरखर लागली तर झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासा.

टाके घालायला आणि बंद करायला ५ मिलिमीटरची, म्हणजे ६ नंबरची आणखी एक सुई जवळ ठेवा. याचं कारण पुढे येईल.

हातांकडे बघा. भेगाळलेलं बोट किंवा तुटलेलं नख या धाग्याला अडकतं आणि प्रत्येक अडकण्यात थोडी लव उपटली जाते. आदल्या रात्री खोबरेल लावा, विणायला बसण्यापूर्वी साबणाने धुऊन कोरडे करा, अंगठ्या काढून ठेवा. मुंबई-कोकणात घामाचा त्रास होतो. पंख्याखाली बसा आणि मांडीवर सुती पंचा घ्या. घामट हातांनी विणलेला पांढरा पश्मिना पहिल्या धुण्याआधीच मळकट दिसायला लागतो.

लडी थेट विणू नका. ती दोन खुर्च्यांच्या पाठींवर चढवा किंवा कोणालातरी समोर बसवून हातांवर धरायला सांगा. बांधलेले दोरे शेवटी कापा, आधी नाही. गुंडा सैल गुंडाळा. बोटाभोवती चार वेढे, मग बोट काढून वेगळ्या दिशेने चार वेढे, असं करत गेलं की गुंडा मऊ राहतो. घट्ट गुंडाळलेला पश्मिना ताणून मरतो, मग विणलेला कपडा धुतल्यावर आकसतो आणि मापं चुकतात.

नमुन्याचा तुकडा

हा टप्पा सगळे टाळतात. महागाचा धागा वाया कशाला घालवायचा, असं वाटतं. उलट महागाचा धागा आहे म्हणूनच तो हवा. २४ टाके घाला, ४० ओळी सगळ्या सुलट विणा, बंद करा. मग तो धुवा, वाळवा आणि त्यानंतर मोजा. पश्मिना धुण्याआधी आणि धुतल्यानंतर दोन वेगळ्या गोष्टी असतात. सुईवरून उतरलेला तुकडा चपटा, थोडा निर्जीव दिसतो. कोमट पाण्यात भिजून वाळला की तंतू फुलतात, टाक्यांच्या मधल्या फटी भरतात, वर बारीक लव उभी राहते. म्हणून विणताना वीण थोडी सैल, थोडी उघडीच दिसली पाहिजे. सुईवरच ती भरगच्च दिसत असेल तर धुतल्यावर फुलायला जागाच उरत नाही.

१० सेंटिमीटरमध्ये २० टाके बसले की आपलं माप जमलं. २२-२३ बसत असतील तर सुई जाड घ्या, १८ असतील तर बारीक.

विणायला घेऊ

आपण विणणार आहोत तो गळपट्टा: २० सेंटिमीटर रुंद, साधारण ६० सेंटिमीटर लांब पट्टी, टोकं जोडून गोल केलेली. सगळ्या ओळी सुलट, मध्ये मध्ये एक जाळीची ओळ. गुंतागुंतीच्या वेण्या आणि दाट नक्षी इथे नको. पश्मिनाला मेंढीच्या लोकरीसारखी उसळी नसते. दोन सुलट दोन उलटची पट्टी मेंढीच्या लोकरीत आवळून बसते, इथे ती काही दिवसांत सैलावते. शिवाय वर उभी राहिलेली लव बारीक नक्षी झाकून टाकते.

एक मीटरभर शेपूट सोडून ५ मिलिमीटरच्या सुईवर ४० टाके घाला. जाड सुईवर घातले की काठ सैल राहतो आणि पट्टी कडेला ओढली जात नाही. आता ४ मिलिमीटरच्या सुया घ्या.

पहिल्या सहा ओळी पूर्ण सुलट.

सातवी ओळ: २ सुलट, मग धागा पुढे घेऊन दोन टाके एकत्र सुलट, हेच शेवटचे २ टाके उरेपर्यंत करत जा, ते २ सुलट. एकूण अठरा वेळा होतं आणि टाके पुन्हा ४० च राहतात.

आठवी ओळ पूर्ण सुलट. धागा पुढे घेतल्याने सुईवर जे वेढे पडले आहेत तेही टाके समजून विणा.

या आठ ओळी पुन्हा पुन्हा. प्रत्येक आठव्या ओळीनंतर टाके मोजा. ४० नसतील तर जाळीच्या ओळीत कुठेतरी वेढा सुटला आहे.

पश्मिनात चूक उसवणं त्रासाचं असतं. शेजारच्या टाक्यांची लव एकमेकींत अडकते, जोर लावला की धागा कातरल्यासारखा तुटतो. म्हणून आधारदोरा घाला. शिवणाच्या सुईत वेगळ्या रंगाचा, पक्क्या रंगाचा सुती दोरा ओवा आणि आठवी ओळ संपल्यावर सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून तो काढा, टाके सुईवरच राहू द्या. दर तीन-चार आवर्तनांनी असा एक दोरा. पुढे गडबड झाली तर सुई काढून त्या दोऱ्यापर्यंत निर्धास्त उसवता येतं. उसवताना धागा अडला तर ओढू नका, टाचणीने लव सोडवा. फारच गुंतला असेल तर एक जुना विणकरणींचा उपाय आहे: विणकाम पिशवीत घालून तासभर फ्रीजरमध्ये ठेवा, तंतू थोडे ताठरतात आणि सुटायला मदत होते.

धागा संपून नवा जोडायचा असेल तर गाठ मारू नका. जुन्या आणि नव्या धाग्याची टोकं बोटभर उलगडा, किंचित ओली करा, एकावर एक ठेवा आणि तळहातांत जोराने चोळा. तंतू एकमेकांत रुतून जोड बसतो. पश्मिना आणि याक दोन्हीला हे चालतं. किव्युटला हा जोड भरवशाचा नाही, तिथे दोन्ही धागे धरून सात-आठ टाके विणावेत.

विणताना धागा बोटावर आवळू नका. मेंढीच्या लोकरीची सवय असलेला हात जरा जास्त ओढतो. मान-खांदे सैल सोडा, थोड्या वेळाने उठा. आणि काम मांडीवरून बाजूला ठेवताना ओळ पूर्ण करूनच ठेवा, ओळीच्या मध्ये सोडलेले टाके ताणले जातात आणि तिथे रेघ दिसते.

लांबी ५५ सेंटिमीटर झाली की थांबा. धुऊन ताणल्यावर ती साठीच्या घरात जाते आणि डोक्यावरून सहज उतरते. शेवटची आवृत्ती सहाव्या ओळीवर संपवा, म्हणजे जोडाच्या शेजारी जाळी येणार नाही. ५ मिलिमीटरच्या सुईने टाके सैल बंद करा आणि शिवायला हातभर धागा सोडून कापा.

धुणं आणि ताणून वाळवणं

रिठा यासाठी फार चांगला. पाच-सहा रिठ्यांची टरफलं रात्रभर भिजवा, सकाळी थोडी उकळा, गार करून गाळा. घट्ट फडक्यातून गाळा, नाहीतर टरफलाचे कण जाळीत बसतात. रिठा नसेल तर लोकरीसाठीचं सौम्य द्रावण किंवा अगदी थोडा साधा शाम्पू. कोमट पाण्यात पट्टी बुडवा आणि पंधरा मिनिटं तशीच राहू द्या. चोळणं, पिळणं, नळाखाली धरणं, काहीही नको. गरम पाणी आणि घासणं एकत्र आलं की पश्मिना आटून त्याचा नमदा, म्हणजे घट्ट चिकटलेला जाड थर होतो, तो परत सरळ होत नाही. खळबळायचं पाणीही तितकंच कोमट घ्या.

उचलताना दोन्ही हात खाली घालून ओंजळीत उचला. ओली पट्टी एका टोकाने लोंबकळली तर लांबच लांब होते. टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट गुंडाळा, वरून दाबा. मग गादीवर कोरडा पंचा घालून पट्टी २० बाय ६० सेंटिमीटरची पसरवा आणि कडेने न गंजणाऱ्या टाचण्या लावा. जाळीची भोकं बोटांनी उघडा. सावलीत वाळू द्या. पावसाळ्यात दोन दिवस लागतात, पंखा लावून ठेवा.

पूर्ण वाळल्यावरच टाचण्या काढा. मग दोन टोकं समोरासमोर ठेवून सोडलेल्या धाग्याने शिवा, टाका सैल घ्या.

सुरुवातीच्या काही वापरांत गोळे येतील. आखूड तंतू बाहेर येतात, ते निघून गेले की थांबतं. गोळा ओढून काढला तर त्याच्यामागून आणखी तंतू येतात, म्हणून बारीक कात्रीने कापा. धुण्याची फार घाई करू नका. हंगामात एक-दोनदा पुरे, मध्ये नुसतं रात्री हवेशीर पसरून ठेवलं तरी वास जातो.

कसर

आपल्या हवेत या लोकरीचा खरा शत्रू थंडी नसण्याचा काळ. निफाड-नाशिककडचा थोडा हिवाळा किंवा महाबळेश्वरची सहल सोडली तर वर्षातले आठ-दहा महिने गळपट्टा कपाटात राहणार, आणि तिथे कसर लागते. किडीची अळी लोकरीतलं प्रथिन खाते, आणि मानेजवळचा घाम-तेलाचा डाग तिला आधी सापडतो. म्हणून ठेवण्यापूर्वी धुवाच, एकदाच घातलेला असला तरी. पूर्ण कोरडा करून जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळा, सोबत वेखंडाचे तुकडे ठेवा. डांबरगोळीचा वास या लोकरीतून महिनोन्‌महिने जात नाही. वेखंडाने किडे दूर राहतात, पण आत आधीच अंडी असतील तर ती मरत नाहीत. शंका असेल तेव्हा हवा काढून बंद केलेल्या पिशवीत घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, सामान्य तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दमट होतं. पावसाळा संपला की ऑक्टोबरात सगळं बाहेर काढून झटका आणि घड्या बदला. नेहमी त्याच घडीवर राहिलं तर तिथे धागा विरतो.

उरलेला धागा आणि नमुन्याचा तुकडा फेकू नका. धागा पुठ्ठ्यावर गुंडाळा, त्यावर गाव, महिना, पदर आणि सुईचा क्रमांक लिहा आणि गळपट्ट्याबरोबरच ठेवा. कुठे भोक पडलं तर रफू करायला नेमका तोच रंग आणि तीच जाडी दुसरीकडे मिळत नाही.